विरंगुळा केंद्राचा दर्जा मोजायचा कशाने?

चिटणीसबाई, नेरुळ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, सवड असेल तरच वाचा.

आमच्या सेक्टरात ज्येष्ठ नागरिकांचं विरंगुळा केंद्र आहे. जागा पालिकेची, रोजचा कारभार आमच्या संघाकडे. एक हॉल, त्याला लागून एक खोली, मागे दोन स्वच्छतागृहं आणि पुढे चाफ्याखाली दोन बाकडी. पाडव्याला चिटणीसपद माझ्या गळ्यात पडलं. कुणी हात वर करेना आणि मी नेमकी पहिल्या रांगेत बसले होते.

सेक्टरातल्या एका व्यापारी गृहस्थांनी आईच्या स्मरणार्थ केंद्राला चार-पाच लाख देऊ केलेत. म्हणाले, "नुसती रंगरंगोटी नको, दर्जा सुधारा. काय हवं ते लिहून द्या." कमिटी बसली. यादी निघाली ती अशी: 55 इंची टीव्ही, एसी, फॉल्स सीलिंग, कॅरमचे दोन नवे बोर्ड आणि दारावर ग्रॅनाइटचा नामफलक. मी विचारलं, हे सगळं आणल्यावर दर्जा सुधारला की नाही ते कळणार कसं? अध्यक्ष म्हणाले, "अहो बाई, दिसेलच की!"

मी रबाळ्याच्या एका कारखान्यात तीसेक वर्षं इन्स्पेक्शनला होते. 'दिसेलच की' म्हणून तिथे साधा नटसुद्धा पुढे जात नसे. आणि तिथून लागलेली खोड अशी, की पास झालेल्या मालाआधी रिजेक्शनचा ट्रे बघायचा. कुठला पीस बाद झाला, कशाने झाला, कुठल्या मशीनवरून आला. त्याच खोडीने मी आमची हजेरीवही घेऊन बसले. रोज कोण येतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. पूर्वी यायचे आणि आता फिरकत नाहीत, अशांची नावं मी वेगळी काढली आणि एकेकाला फोन लावले.

एक काका म्हणाले, लघवीच्या गोळ्या चालू आहेत, तासाला जावं लागतं. तुमच्या संडासाला कुलूप, चावी वॉचमनकडे, वॉचमन चहाला. एक मावशी गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आल्याच नाहीत. आमच्या रॅम्पवरून त्यांना चढता येतं, पण उतरताना वॉकर पुढे पळतो. दोघी बहिणी यायच्या, त्यांचं म्हणणं, "चार वाजता आलं की हॉलभर रमीचे डाव मांडलेले. कुणी हाकलत नाही हो, पण बसायचं कुठे?" पेपर वाचायला येणाऱ्या एकांना आमच्या उजेडात अक्षर लागत नाही. एकांचा फोन सुनेने उचलला. ते तीन महिन्यांपूर्वीच वारले होते. आमच्या वहीत त्यांच्या नावापुढे लाल शाईने 'वर्गणी बाकी'.

आता मला सांगा, या सगळ्यात टीव्ही कुठे बसतो?

मला केंद्रासाठी लेखी मानकं करायची आहेत. थोडीच, पण मोजता येतील अशी, म्हणजे उद्या दुसऱ्या चिटणीसाच्या हातात कागद दिला तरी उत्तर तेच यायला हवं. 'प्रसन्न वातावरण', 'आपुलकीची वागणूक' असले शब्द नकोत, ते आमच्या अहवालात दरवर्षी असतात. तुमच्या संघात काय मोजता? बांधकामातलं, तब्येतीतलं, पैशातलं काही कळत असेल तर तेही लिहा. पुढच्या रविवारी बैठक आहे.

निवृत्त_स्थापत्य, पाचपाखाडी

बाई, रॅम्पची लांबी आणि जोत्याची उंची मोजून कळवा. बाकीचं नंतर.

चिटणीसबाई, नेरुळ

मोजून आले. तीन पायऱ्या, मिळून दीड फूट. रॅम्प सात फूट. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला काही नाही. आधीच्या एका कमिटीने वर्गणी काढून बांधून घेतलाय. वर गुळगुळीत कडप्पा.

निवृत्त_स्थापत्य, पाचपाखाडी

अंदाज होताच. त्याला रॅम्प नाही, घसरगुंडी म्हणतात.

नियम 1:12 चा आहे. एक फूट चढायला बारा फूट लांबी. तुमच्या दीड फुटाला अठरा फूट लागतात, तुम्ही सातात उरकलंय, म्हणजे साधारण 1:5 पेक्षाही खडा. चढताना माणूस पुढे झुकतो म्हणून निभतं. उतरताना वजन वॉकरवर जातं आणि वॉकर सुटतो. मावशींनी बरोबर सांगितलंय.

अठरा फूट सरळ जागा नसेल तर काटकोनात वळवा, वळणावर सपाट जागा किमान दीड मीटर ठेवा. रुंदी 1.2 मीटर. कठडा दोन्ही बाजूंना हवा, भिंत असली तरीही, आणि तो रॅम्प संपल्यावर फूटभर पुढे गेला पाहिजे, कारण माणूस शेवटच्या पावलालाच हात सोडतो. कडप्पा उखडा, खरखरीत फरशी घाला. हे माझ्या मनचं नाही. केंद्र सरकारची सुलभतेची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, 2021 ची सुधारित आवृत्ती निघाली आहे, आणि सार्वजनिक इमारत सुगम असणं दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 नुसार बंधनकारक आहे. बैठकीत कुणी 'एवढं काय त्यात' म्हणालं तर कायद्याचं नाव घ्या, आवाज खाली येतात.

स्वच्छतागृह. दार आत उघडत असेल तर बाहेर उघडणारं करून घ्या. माणूस आत पडला तर तोच दाराला अडतो आणि बाहेरच्याला दार ढकलता येत नाही. कडी बाहेरून नाण्याने फिरवता येईल अशी मिळते, शंभर-दोनशेचा प्रश्न आहे. कमोडची बैठक जमिनीपासून 450 ते 480 मिमी. बाजूला पकडायला स्टीलचा दांडा, आणि तो विटेच्या भिंतीत नीट अँकर करून. नुसत्या टाइल्सवर प्लगने लावलेले दांडे मी हातात आलेले पाहिलेत. बादली-मग जमिनीवर ठेवू नका, कमरेत वाकावं लागतं. जेटस्प्रे उजव्या हाताला.

एक लक्षात ठेवा. जागा पालिकेची आहे, तेव्हा तोडफोडीआधी विभाग कार्यालयाला पत्र देऊन परवानगी घ्या. पत्राला हाताने काढलेला नकाशा जोडलात तरी चालतो, पण मापं लिहा.

फॉल्स सीलिंगबद्दल विचारलं नाहीत म्हणून बोलत नाही.

शेवटचा_बाक, वाशी

चिटणीसबाई, राग मानू नका. मी आमच्या संघाचा खजिनदार होतो, दोन टर्म. मानकं-बिनकं सगळं छान दिसतं कागदावर. पण देणगी येते एकदा आणि झाडू मारायचा असतो रोज. तुमचा संडास उघडा ठेवला तर तो धुणार कोण? कुलूप त्यासाठीच लागलेलं असतं. वॉचमनला दोष देऊ नका.

आमच्याकडे असंच एकाने वॉटर प्युरिफायर दिला. फोटो, शाल, श्रीफळ झालं. दोन वर्षांनी फिल्टर बदलायला पैसे नाहीत, आता त्यावर पेपरचा गठ्ठा असतो.

माझा सल्ला व्यवहाराचा. सगळे पैसे वस्तूंत घालू नका. त्यातले दोन लाख कायम निधी म्हणून घ्या, म्हणजे मूळ रक्कम तशीच ठेवायची आणि फक्त व्याज खर्चायचं. मात्र देणगीदाराकडून तसं लेखी घ्या, की ही रक्कम कायम निधीसाठी आहे. पत्र नसेल तर हिशेबात ती साधी देणगी धरली जाते आणि पुढची कमिटी सहलीला उडवते. तुमचा संघ सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेला असेल तर धर्मादाय कार्यालयाला हिशेब द्यावेच लागतात, तिथे हे पत्र उपयोगी पडतं. दोन लाखांवर सात टक्के धरलं तर वर्षाला चौदा हजार, महिन्याला साडेअकराशेच्या आसपास. सफाईवाल्या मावशींचा पूर्ण पगार त्यात होणार नाही, पण वर्गणीतून थोडी भर घातली की दिवसातून एकदा संडास धुऊन होईल. नामफलक हवाच असेल तर या निधीला आईचं नाव द्या. ग्रॅनाइटपेक्षा जास्त टिकेल.

चिटणीसबाई, नेरुळ

राग कसला, हाच हिशेब कमिटीत कुणी मांडला नाही. तुमच्या म्हणण्यावरून मी पहिलं मानक असं लिहिलंय: 'केंद्र उघडं असेल तोवर स्वच्छतागृहाला कुलूप नसेल, धुतल्याची वेळ आणि सही दाराच्या आतल्या बाजूच्या तक्त्यावर.' धुण्याची व्यवस्था होईपर्यंत हे मानक पाळता येणार नाही हे कबूल, म्हणून निधी आधी आणि रॅम्प त्यानंतर.

पण कुलूप 'त्यासाठीच लागलेलं असतं' हे मात्र मला पटलं नाही. पुरुष मंडळी आडोशाला जाऊन येतात, बायका दुपारपासून पाणी पीत नाहीत. आमच्याकडे उन्हाळ्यात दोघींना चक्कर आली ती उगाच नाही.

शेवटचा_बाक, वाशी

हे खरंच डोक्यात आलं नव्हतं. मागे घेतो.

फिजिओ_ऐरोली

मी तुमच्या अर्ध्या वयाची आहे, तरी लिहिते, कारण माझ्याकडे येणारे निम्मे पेशंट कुठल्या ना कुठल्या कट्ट्यावरून येतात.

काकू, तुमच्या खुर्च्या कशा आहेत? बिनहाताच्या प्लॅस्टिकच्या असतील तर आधी त्या बदला. साठीनंतर मांडीचे स्नायू कमी होतात, उठताना हातांवर जोर द्यावा लागतो. हात असलेली, बैठक दीड फुटावर असलेली, मागे न कलणारी खुर्ची हवी. सोफा अजिबात घेऊ नका. त्यात रुतलेल्या आजोबांना दोघांनी ओढून काढावं लागतं आणि मग ते दुसऱ्या दिवसापासून लाजेने येत नाहीत.

पडण्याचा धोका मोजायला मशीन लागत नाही. खुर्ची ठेवा, तिच्यापासून तीन मीटरवर खडूने रेघ मारा. खुर्चीतून उठायचं, नेहमीच्या चालीने रेघेपर्यंत जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. मोबाइलवर वेळ लावा. 12 सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर त्या माणसाला पडण्याचा धोका आहे असं समजून डॉक्टरकडे किंवा फिजिओकडे पाठवा. काठी वापरत असतील तर काठीसकट करायचं. शेजारी एक धडधाकट माणूस उभा हवा. दर सहा महिन्यांनी सगळ्यांची ही चाचणी झाली आणि वहीत नोंदली गेली, की ते तुम्हाला हवं तसं मोजता येणारं मानक झालं. कुणाचा आकडा 10 वरून 14 वर गेला तर तो माणूस पडायच्या आधी तुम्हाला कळेल.

आता बीपी. बहुतेक केंद्रांत आठवड्यातून एकदा बीपी तपासतात आणि बहुतेक ठिकाणी चुकीचं तपासतात. माणूस जिना चढून येतो, गप्पा मारत बसतो, कुणीतरी शर्टाच्या बाहीवरूनच पट्टा बांधतं आणि आकडा येतो 160. मग घरी घबराट. पाच मिनिटं गप्प बसलेलं हवं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर आणि एकावर एक न टाकलेले, हात टेबलावर छातीच्या पातळीला, पट्टा उघड्या दंडावर. आधीचा अर्धा तास चहा-तंबाखू नाही, आणि लघवी तुंबलेली नको (हे परत तुमच्या कुलपाशी येतं). जाड दंडाला लहान पट्टा बांधला तरी आकडा वर जातो, तेव्हा मोठ्या मापाचा पट्टा घेऊन ठेवा.

बसून घेतल्यावर उभं करून तीन मिनिटांच्या आत पुन्हा घ्या. वरचा आकडा 20 किंवा खालचा 10 ने उतरला तर उठताना अंधारी येणारा माणूस हाच. बीपीच्या गोळ्या चालू असलेल्यांत हे पुष्कळदा दिसतं आणि सकाळी बाथरूमला जाताना पडतात ते यातलेच.

अजून एक. 'मोफत शिबिर' करायला कुठलंही हॉस्पिटल आलं तर तपासणीचे कागद पेशंटच्या हातात देणार का, आणि फोन नंबर घेऊन नंतर पॅकेज विकायला फोन करणार का, हे आधी लेखी विचारा. एकाने आमच्या ओळखीच्या कट्ट्यावर पंचवीस जणांची यादी नेली आणि महिनाभर सगळ्यांना अँजिओग्राफीचे फोन आले.

चिटणीसबाई, नेरुळ

बाळा, खुर्च्या बिनहाताच्याच आहेत. मी स्वतः उठताना टेबल धरते आणि त्याचं मला काही वाटतही नव्हतं.

ती खडूची रेघ आज मारून बघितली. एरवी योगाला 'गुडघा दुखतो' म्हणणारे सगळे रांगेत उभे. आमचे रमीवाले एक काका 9 सेकंदांत आले आणि पैजेवर परत करतो म्हणाले. मी म्हटलं, नेहमीच्या चालीने जायचंय, धावायचं नाहीये. एक आजी मात्र वळताना थबकल्या, भिंत चाचपली, 17 लागले. त्यांच्या मुलाला संध्याकाळी फोन केला.

उजेडाचं कुणी सांगेल का? ट्यूब चार आहेत, चालू चारही.

निवृत्त_स्थापत्य, पाचपाखाडी

ट्यूब किती आहेत ते सोडा, त्या कुठे लावल्यात? बहुतेक हॉलमध्ये भिंतीला उंचावर असतात, आणि वाचणारा माणूस भिंतीकडे पाठ करून बसतो. त्याची सावली त्याच्याच पेपरवर. शिवाय साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्याच्या साधारण एक तृतीयांश उजेड पोचतो, भिंग पिवळट होतं आणि बाहुली आक्रसते म्हणून. तेव्हा पूर्ण हॉल झगमगीत करण्याऐवजी वाचायच्या टेबलावर खाली सोडलेले दोन दिवे लावा, झाकणवाले, नुसता बल्ब डोळ्यात जाईल असे नकोत. आणि टेबलाला चकचकीत सनमायका नको, त्यावरून उजेड परत डोळ्यात येतो.

घुमणाऱ्या हॉलचंही तेच. ऐकू येत नाही म्हणून माइक वाढवतात. वयाने ऐकण्यातले बारीक, उंच स्वर आधी जातात, आवाज वाढवल्याने शब्द सुटे होत नाहीत, नुसता गोंगाट वाढतो. जाड पडदे लावा, एका भिंतीला सतरंज्या किंवा पिनअप बोर्ड. फॉल्स सीलिंगचा एकच उपयोग इथे आहे, आणि तोही आवाज शोषणारी पाटी घातली तर. पीओपीचं केलंत तर आणखी घुमेल. बोलणार नव्हतो, बोललो.

घणसोलीची_लेक

हे सगळं वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. माझे बाबा अशाच एका केंद्रात दहा वर्षं जायचे. बुद्धिबळात पटाईत. गेल्या वर्षापासून स्मरणशक्तीचा त्रास सुरू झाला. तीच चाल परत खेळायचे, कधी समोरच्याचं प्यादं हलवायचे. आधी हसण्यावारी नेलं सगळ्यांनी. मग एक दिवस कुणीतरी म्हणालं, "आता तुम्ही नुसतं बघा." बाबा तेव्हापासून चप्पल घालतात, दारापर्यंत येतात आणि परत बसतात.

मला मंडळींचा राग नाही, त्यांनाही डाव खेळायचा असतो. पण केंद्रात एक जरी माणूस असा असता, की जो म्हणाला असता, या, आपण दोघं खेळू, चुकलं तर चुकलं. तुमच्या कागदावर हे कुठे बसेल माहीत नाही. मोजता येईल का तेही माहीत नाही.

चिटणीसबाई, नेरुळ

घणसोलीच्या ताई, तुमचं वाचून आज वही परत उघडली. आमच्याकडेही दोन नावं अशीच आहेत. मी त्यांच्यापुढे 'प्रकृती' असं लिहून पुढे गेले होते.

मोजता येईल असं मला वाटतं. सांगते कसं. आमच्याकडे मानक असेल: 'सलग पंधरा दिवस न आलेल्या सभासदाला फोन, फोनवर कारण कळलं नाही तर घरी भेट, कारण वहीत, आणि त्यावर काय केलं तेही वहीत.' ज्या महिन्यात 'काय केलं' हा रकाना रिकामा, त्या महिन्यात आम्ही नापास. तुमच्या बाबांसारख्यांसाठी सोबती नेमायचा, आठवड्याचा एक वार वाटून घ्यायचा. पत्त्यातल्या पैजा मारणाऱ्या काकांनाच मी मंगळवार देणार आहे, त्यांना वेळ भरपूर आहे आणि मन मोठं आहे, फक्त कुणी काम सांगितलेलं नाही.

बाबांना आमच्याकडे आणायचं असेल तर जरूर या. घणसोलीहून लोकलने नेरुळ लांब नाही. गर्दीची वेळ टाळा एवढंच.

घणसोलीची_लेक

या शनिवारी बघते, ताई. पट त्यांचाच घेऊन येऊ का? त्यांना ओळखीचा बरा पडतो.

चिटणीसबाई, नेरुळ

आणाच.

घोडबंदरचे_आजोबा, ठाणे

मुलीकडे न्यू जर्सीला सहा-सहा महिने असतो, तिथल्या सीनियर सेंटरला जात होतो म्हणून दोन गोष्टी सांगतो. तिकडे राष्ट्रीय पातळीवर सीनियर सेंटरांना मानांकन देणारी संस्था आहे. नऊ मानकं ठरलेली आहेत. उद्देश आणि नियोजन, समाजाशी संबंध, कारभार, कर्मचारी, मूल्यमापन, पैसे, नोंदी, कार्यक्रम आणि जागा, असे विषय. त्यात मला आवडलं ते हे, की केंद्र आधी स्वतःच स्वतःची तपासणी करून लिहून देतं. त्यात सभासद, कर्मचारी, बाहेरची माणसं बसतात. मग दुसऱ्या केंद्रातला अनुभवी माणूस येऊन पडताळतो. पोलिसी तपासणी नव्हे, तुमच्यासारखंच केंद्र चालवणारा माणूस.

मात्र तिकडचं जसंच्या तसं इथे उचलू नका. तिकडे पगारी डायरेक्टर असतो, दुपारचं जेवण असतं, न्यायला-आणायला गाडी असते. आपल्याकडे अध्यक्षही पंच्याहत्तरचा आणि झाडूवालीही पासष्टची. नऊ मानकांच्या फायली केल्या तर फायली सांभाळायला आणखी एक विरंगुळा केंद्र लागेल. पण शेजारच्या संघाने येऊन बघायचं, ही कल्पना फुकट आहे. स्वतःच्या घरातला ओला कोपरा आपल्याला दिसत नाही, पाहुण्याला पाय ठेवताच कळतो.

दुसरं म्हणजे सूचनाफलक. तिथे मोठ्या अक्षरात मदतीचे नंबर असायचे. आपल्याकडे 14567 ही ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन आहे, सकाळी 8 ते रात्री 8, पैसे पडत नाहीत. पेन्शन अडली, घरात छळ होतोय, रस्त्यावर कुणी निराधार वृद्ध दिसला, तरी लावता येतो. आमच्या घोडबंदरच्या कट्ट्यावर विचारलं तर तिघांना माहीत होता. तो, 108 आणि 112, हे तीन आकडे टीव्हीच्या वर लावा, म्हणजे टीव्हीचाही उपयोग होईल.

शेवटचा_बाक, वाशी

आजोबांचं शेजारच्या संघाचं बरोबर आहे. पण आपली माणसं एकमेकांकडे गेली की वडा-चहा होऊन 'उत्तम व्यवस्था' असा शेरा लिहून परत येतात. मी स्वतः असे चार शेरे लिहिलेत. तेव्हा चहा तपासणी संपल्यावर, आधी नाही.

चिटणीसबाई, नेरुळ

लिहून घेतलं: चहा नंतर.

मंडळी, कमिटीपुढे ठेवायचा कागद तयार झालाय, एका पानाच्या आत. संडासाचं आणि पंधरा दिवसांच्या फोनचं वर लिहिलंच आहे. खेरीज, सहा महिन्यांनी खडूच्या रेघेची चाचणी. चार ते साडेपाच हॉलची अर्धी बाजू पत्त्यांविना, तिथे कोण बसतं ते बसणारे ठरवतील, मी भजनी मंडळ म्हणून लिहिलेलं नाही. दोघी बहिणींपैकी धाकटीला पेटी वाजवायची हौस आहे पण मोठीला मोबाइलवरून वीजबिल भरायला शिकायचंय. बीपी घेताना गप्प बसायची पाच मिनिटं, हे सगळ्यात अवघड मानक ठरणार असं दिसतंय. आणि हॉल वाढदिवसाला भाड्याने द्यायचा असेल तर संध्याकाळी सातनंतरच. यावर भांडण होणार, कारण उत्पन्न तिथूनच येतं, पण दुपारी बंद दार बघून परत गेलेला माणूस पुन्हा येतोच असं नाही.

पैशांचा क्रम: निधीचे दोन लाख, मग रॅम्प आणि संडास, मग खुर्च्या, मग वाचायच्या टेबलावरचे दिवे. उरलं तर टीव्ही. देणगीदारांना काल फोनवर वाचून दाखवलं. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, आई शेवटची दोन वर्षं वॉकरवर होती, कुठेच जाता आलं नाही तिला. रॅम्पचं एस्टिमेट आधी पाठवा म्हणाले.

पाचपाखाडीचे साहेब, एस्टिमेट मला जमणार नाही. आपण येऊन मापं घ्याल का? रिक्षाभाडं संघ देईल.

निवृत्त_स्थापत्य, पाचपाखाडी

रिक्षा कशाला, ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने येतो. मंगळवारी सकाळी दहापर्यंत. उन्हाच्या आधी बाहेरची मापं उरकू. टेप आणि लेव्हल माझी, खडू तुमच्याकडे आहेच. कुणाची व्हीलचेअर तासभर उसनी मिळाली तर बघून ठेवा, दारातून आणि संडासात फिरवून पाहू. वॉशबेसिनखाली गुडघे जातात की नाही तेही कळेल, ते एस्टिमेटमध्ये नंतर घुसवायला गेलं की कॉन्ट्रॅक्टर दुप्पट लावतो.